कनेक्शनं बंद झाली, तरी सी सर्व्हरची मेमरी खाली का येत नाही?

लक्षण बहुतेक वेळा सारखंच असतं. लिनक्सवर चालणारा, सी मध्ये लिहिलेला टीसीपी सर्व्हर, ईपोलचा (कोणत्या कनेक्शनवर काही घडलं ते सांगणाऱ्या कर्नलच्या सोयीचा) लूप, प्रत्येक कनेक्शनला वाचायला एक बफर आणि लिहायला एक. सकाळी सुरू केला तेव्हा पन्नासेक एमबी, दुपारच्या गर्दीत दीड जीबी. रात्री क्लायंट निघून जातात, पण टॉप कमांडमधला आरएसएसचा (प्रोसेसने प्रत्यक्ष रॅममध्ये धरलेल्या मेमरीचा) आकडा दीड जीबीवरच बसून राहतो आणि दुसऱ्या दिवशी त्यावर आणखी चढतो. कधीतरी कर्नल लॉगमध्ये मेमरी संपल्यामुळे प्रोसेस मारल्याची ओळ दिसते. मग कोणीतरी क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीत) रोज पहाटेचा रीस्टार्ट टाकतं आणि विषय मिटल्यासारखा होतो. लोड वाढला की तोच विषय परत समोर येतो.

तो रीस्टार्ट टाकू नका, असं मी आग्रहाने सांगेन. रीस्टार्ट झाला की सगळे क्लायंट एकदम परत जोडायला धावतात, म्हणजे सर्व्हरवर दिवसातला सगळ्यात मोठा ताण तुम्ही स्वतःच आणता. शिवाय कारण शोधायला जो पुरावा लागतो तोही त्याबरोबर पुसला जातो.

दुसरी घाई असते ती कोडमध्ये राहून गेलेलं फ्री शोधण्याची. व्हॅलग्राइंड (मेमरीच्या चुका शोधणारं साधन) लावलं जातं, ते काहीच हरवलेलं नाही असं सांगतं, आणि माणूस गोंधळतो. कारण आरएसएस हा एकच आकडा तीन वेगवेगळ्या परिस्थितींत सारखाच दिसतो. एक, मेमरीचा पॉइंटर खरोखर हरवलाय. दोन, पॉइंटर आहे, पण ज्या कनेक्शनसाठी मेमरी धरली ते कधीच मेलंय, किंवा क्लायंट इतका हळू वाचतोय की त्याची रांग फुगलीय. तीन, तुम्ही फ्री केलंय, पण जीलिबसीच्या (लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीच्या) मॅलॉकने ती मेमरी कर्नलला परत दिलेली नाही. चौथी याहून फसवी: मेमरी तुमच्या प्रोसेसमध्ये नाहीच, कर्नलच्या सॉकेट बफरमध्ये आहे. तेव्हा आरएसएस शांत असतो आणि तरी कंटेनर मरतो. चारही ठिकाणचे उपाय वेगळे आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर चालत नाही. म्हणून मेमरी आत्ता कोणाच्या ताब्यात आहे हे आधी ठरवायचं आणि मगच कोडला हात लावायचा.

आधी आकडे

बफरसाठी थेट मॅलॉक आणि फ्री वापरू नका. दोन छोटी फंक्शनं लिहा, एक बफर घेणारं आणि एक सोडणारं, आणि सगळा कोड त्यांच्यातूनच जाऊ द्या. त्यांच्यात तीन मोजण्या ठेवा: सध्या किती बफर बाहेर आहेत, त्यांची एकूण क्षमता किती, आणि त्यात खरा डेटा किती. शेवटच्या दोन्हींतला फरकच बहुतेक वेळा गोष्ट सांगून जातो. यासोबत जिवंत कनेक्शन-स्ट्रक्टची मोजणी ठेवा आणि हे सगळं दर मिनिटाला लॉगमध्ये एका ओळीत लिहा. अ‍ॅटॉमिक काउंटरचा खर्च नगण्य असतो, तेव्हा प्रॉडक्शनमध्येही हे कायम चालू राहू द्या.

बाहेरून आणखी दोन गोष्टी बघायच्या. प्रॉकमध्ये (कर्नल प्रोसेसची माहिती दाखवतं त्या डिरेक्टरीत) तुमच्या प्रोसेसच्या एफडी डिरेक्टरीत किती नोंदी आहेत, म्हणजे किती डिस्क्रिप्टर (फाइल आणि सॉकेटचे क्रमांक) उघडे आहेत. आणि स्मॅप्स_रोलअप ही फाइल, कर्नल ४.१४ पासून मिळणारी, जी प्रोसेसच्या मेमरीचा एकत्रित हिशेब देते. प्रोग्रॅमच्या आतून मॅलइन्फो२ हे फंक्शन बोलवा, जीलिबसी २.३३ पासून ते आहे. वापरात किती आणि फ्री होऊनही मॅलॉककडे पडून किती, हे ते वेगळं सांगतं. जुनं मॅलइन्फो टाळा. त्यातली फील्ड साध्या इंटची आहेत आणि मोठ्या प्रोसेसमध्ये आकडा गुंडाळून भलताच दिसतो.

आता हे आकडे शेजारी ठेवून वाचा. उघडे डिस्क्रिप्टर खऱ्या क्लायंटपेक्षा पुष्कळ जास्त असतील, तर कनेक्शनं मेलीत आणि तुम्हाला कळलेलं नाही. कनेक्शनं मोजकी, पण बफरची क्षमता प्रचंड असेल, तर फुगलेल्या रांगा किंवा विसरलेलं फ्री. बफरचा आकडा छोटा आणि आरएसएस मोठा, तर मॅलॉककडे बघा, नाहीतर तुमच्या मोजणीच्या बाहेर मेमरी घेणाऱ्या लायब्ररीकडे. सगळंच छोटं असून कंटेनर मरत असेल, तर कर्नल.

मेलेली कनेक्शनं

रिसीव्हने शून्य दिलं की समोरच्याने बंद केलं, उणे एक दिलं की एरर, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तिसरी शक्यता राहून जाते: काहीच येत नाही. ट्रॅकर लावलेली गाडी घाटात शिरली आणि मोबाइल नेटवर्क गेलं, एखाद्या मोडेमची वीज गेली, मधल्या नॅट राउटरने नोंद पुसली. अशा वेळी समोरून फिन (कनेक्शन बंद केल्याचं सांगणारं) पॅकेट येतच नाही. टीसीपीत निवांत कनेक्शनवर कसलीच वाहतूक नसते, त्यामुळे सर्व्हरच्या दृष्टीने ते कनेक्शन धडधाकट असतं. त्याचे दोन्ही बफरही तसेच.

टीसीपीचं कीपअलाइव्ह (समोरचा जिवंत आहे का हे कर्नलने अधूनमधून तपासणं) मुळात बंद असतं. नुसतं चालू केलं, तर लिनक्सची ठरलेली मूल्यं अशी: पहिली चाचणी ७,२०० सेकंदांनी, मग ७५ सेकंदांच्या अंतराने ९ चाचण्या. म्हणजे मेलेलं कनेक्शन ओळखायला २ तास ११ मिनिटं १५ सेकंद. दर मिनिटाला काही क्लायंट गळत असतील, तर तेवढ्या वेळात किती बफर अडकतात याचा हिशेब तुमचा तुम्हीच करा. हे तिन्ही आकडे प्रत्येक सॉकेटवर वेगळे ठरवता येतात, ते ठरवा. आणि पाठवलेला डेटा पोचल्याची पावती आलेली नसेल तेव्हा कीपअलाइव्ह कामच करत नाही. तिथे पुनःप्रेषणाचा हिशेब लागतो. टीसीपी_रिट्राइज२ हे मूल्य १५ असतं, त्यामुळे कनेक्शन सोडून द्यायला साधारण पंधरा मिनिटं किंवा त्याहून जास्त जातात. टीसीपी_यूझर_टाइमआउट हा सॉकेट पर्याय मिलिसेकंदांत देऊन ते आवरता येतं. यावर माझं मत असं, की हे सगळं केलं तरी प्रोटोकॉलमध्येच स्वतःचा टाइमआउट हवा: ठरलेल्या वेळात क्लायंटकडून एकही पूर्ण संदेश आला नाही की कनेक्शन बंद. जिवंत सॉकेट म्हणजे जिवंत क्लायंट नव्हे. क्लायंटचा प्रोग्रॅम अडकलेला असला, तरी त्याचं कर्नल कीपअलाइव्हला उत्तर देतच राहतं.

याच्या शेजारचा एक दोष लगेच ओळखता येतो. एसएस कमांडने कनेक्शनच्या अवस्था बघा. क्लोज-वेट या अवस्थेतली कनेक्शनं साचत असतील, तर समोरच्याने बंद केलंय आणि तुमच्या प्रोग्रॅमने क्लोज बोलवलेलंच नाही. इथे नेटवर्कचा, राउटरचा, क्लायंटचा कोणाचाही संबंध नसतो. दोष तुमच्या कोडमध्येच. नेहमीचं कारण म्हणजे ईपोलचा एज-ट्रिगर्ड प्रकार (स्थिती बदलली तेव्हाच एकदा कळवणारा) वापरून ईअगेन (आत्ता जमत नाही, नंतर या, असं सांगणारा एरर) येईपर्यंत वाचायचं राहणं. बफर भरला म्हणून लूप मध्येच सोडला, पुढचं शून्य वाचलंच गेलं नाही, आणि त्या डिस्क्रिप्टरसाठी ईपोल परत उठवणार नाही. दुसरं कारण फोर्क, म्हणजे प्रोसेसची प्रत काढणं. चाइल्ड प्रोसेसकडे सॉकेटची प्रत राहिली, तर तुम्ही क्लोज केलं तरी कनेक्शन तुटत नाही आणि ईपोलमधली नोंदही जात नाही. अ‍ॅक्सेप्ट४ वापरून क्लोज-ऑन-एक्झेक (चाइल्डने नवा प्रोग्रॅम सुरू केला की प्रत आपोआप बंद करणारा) झेंडा तिथल्या तिथे लावा.

हळू वाचणारा क्लायंट

चारांमधलं हे सगळ्यात धोक्याचं, कारण कोड पूर्ण बरोबर दिसतो. सेंडने ईअगेन दिलं, म्हणून उरलेले बाइट्स कनेक्शनच्या लिहायच्या बफरला जोडले. बफर अपुरा पडला म्हणून रीॲलॉकने दुप्पट केला. प्रत्येक ओळ बरोबर. पण समोरचा क्लायंट वाचतच नसेल, तर हे दुप्पट होणं थांबणार कुठे? कर्नलचा पाठवायचा बफर सहसा ४ एमबीपर्यंत वाढतो. तो भरेपर्यंत तुम्हाला काही जाणवत नाही. त्यानंतरचं सगळं तुमच्या हीपवर (मॅलॉक जिथून मेमरी देतं त्या भागावर) येतं. एकच संदेश हजारो क्लायंटना वाटणाऱ्या सर्व्हरमध्ये असे दहा क्लायंटही पुरतात.

रेडिस या मेमरीतल्या डेटाबेसने यावर काय केलंय ते पाहण्यासारखं आहे. तिथे प्रत्येक प्रकारच्या क्लायंटच्या आउटपुट बफरला दोन मर्यादा असतात, एक कडक आणि एक सौम्य. पब-सब (एखाद्या विषयाचे संदेश आपोआप मिळवणाऱ्या) क्लायंटसाठी ठरलेली मूल्यं आहेत ३२ एमबी कडक, आणि ८ एमबी सलग ६० सेकंद राहिली तर. यातलं काहीही ओलांडलं की कनेक्शन तोडलं जातं. रेप्लिकासाठी (डेटाची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरसाठी) तेच २५६ एमबी आणि ६४ एमबी. साध्या क्लायंटना मर्यादा नाही, कारण ते विचारतात तेवढंच उत्तर त्यांना मिळतं. आपण न मागता पाठवतो तिथे मर्यादा हवी, हा विचार त्यामागे आहे आणि तो तुमच्या सर्व्हरलाही तसाच लागू होतो.

तोडणं परवडत नसेल, तर थांबवा. रांग वरच्या खुणेला पोचली की त्या क्लायंटकडून वाचणं बंद करा, म्हणजे ईपोलमधून वाचनाची नोंद काढा. रांग खालच्या खुणेपर्यंत ओसरली की परत लावा. प्रॉक्सी असेल तर दुसऱ्या बाजूकडून वाचणं थांबवायचं. मग कर्नलचा घ्यायचा बफर भरतो, टीसीपीची खिडकी (आणखी किती घेऊ शकतो हे समोरच्याला सांगणारा आकडा) शून्यावर येते आणि पाठवणारा आपोआप थांबतो. टीसीपीत हा बंदोबस्त पहिल्यापासून आहे. आपण अमर्याद बफर लावून तो निकामी करतो.

याचंच एक सौम्य रूप असतं. एखाद्या कनेक्शनवर एकदाच ८ एमबीचा संदेश आला, बफर ८ एमबीचा झाला, पुढचे चार दिवस त्यावर शंभर-शंभर बाइटचे संदेश येत राहिले. कनेक्शन बंद होत नाही, म्हणून बफरही लहान होत नाही. क्षमता आणि खरा डेटा वेगळे मोजायला सांगितले ते हे दिसावं म्हणून. उपाय दोन ओळींचा आहे: बफर रिकामा झाला आणि क्षमता नेहमीच्या आकारापेक्षा मोठी असेल, तर तो सोडून द्या आणि पॉइंटर नल करा. पुढचा डेटा आला की नवा घेता येईल.

रीॲलॉकचे तीन घाव

रीॲलॉकचं उत्तर थेट त्याच पॉइंटरमध्ये ठेवू नका. मेमरी नाही मिळाली तर नल येतं, जुना ब्लॉक तसाच राहतो आणि त्याचा पत्ता तुम्ही नुकताच पुसलेला असतो. आधी तात्पुरत्या पॉइंटरमध्ये घ्या, तपासा, मग बदला.

दुसरा घाव जास्त खोल जातो. पार्सरने बफरच्या आत पॉइंटर धरलेले असतात: हेडर इथून सुरू, मूल्य इथे संपतं. पुढचे बाइट्स आले, रीॲलॉकने ब्लॉक दुसरीकडे हलवला, आणि ते सगळे पॉइंटर मोकळ्या झालेल्या मेमरीकडे बघत राहिले. छोट्या चाचण्यांत हे कधीच पकडलं जात नाही, कारण छोटा ब्लॉक पुष्कळदा जागीच वाढतो. ग्राहकाकडे मात्र आठवड्यातून एकदा क्रॅश होतो. वाढणाऱ्या बफरच्या आतली जागा पॉइंटरने कधीही लक्षात ठेवू नका. सुरुवातीपासूनचं अंतर लक्षात ठेवा. हा नियम मी अपवाद न करता पाळतो.

तिसरा आकड्यांचा. संदेशाच्या आधी ४ बाइटची लांबी येणारे प्रोटोकॉल पुष्कळ. क्लायंटने तिथे जवळजवळ ४ अब्ज लिहिलं आणि तुम्ही त्यात हेडरचे ४ मिळवले, तर ३२ बिटांत बेरीज गुंडाळून लहानसा आकडा येतो. मॅलॉक आनंदाने तेवढाच ब्लॉक देतं आणि तुम्ही त्यात ओतत राहता. बेरीज करण्याआधी मर्यादा तपासा. आणि मर्यादेत असली तरी क्लायंटने सांगितलेली अख्खी लांबी आधीच राखून ठेवू नका. डेटा येईल तसं वाढवा. नाहीतर संदेशाचा एक बाइटही न पाठवता कोणीही तुमची मेमरी अडवू शकतं.

फ्री केलं, पण परत गेलं नाही

आता तो प्रकार, ज्यात तुमचा कोड निर्दोष असतो. जीलिबसीचं मॅलॉक लहान ब्लॉक हीपमधून देतं आणि १२८ केबीपेक्षा मोठे ब्लॉक एममॅपने (थेट कर्नलकडून मेमरी मागणाऱ्या कॉलने) वेगळे घेतं. एममॅपवाला ब्लॉक फ्री झाला की लगेच कर्नलकडे जातो. हीपचं तसं नाही. मुख्य हीप फक्त वरच्या टोकाकडून आखडतं. टोकाजवळ दोनशे बाइटचं एक जिवंत कनेक्शन-स्ट्रक्ट बसलं असेल, तर त्याच्या खालचे शेकडो एमबी मोकळे असूनही आपणहून परत जात नाहीत. गर्दीच्या वेळी शेवटी आलेला आणि रात्रभर टिकून राहिलेला एक क्लायंट एवढं करायला पुरतो.

१२८ केबीची रेषाही स्थिर नाही, हे कळल्यावर पुष्कळांचा उलगडा होतो. एममॅपने घेतलेला मोठा ब्लॉक तुम्ही फ्री केला की मॅलॉक ती रेषा त्या आकारापर्यंत वर नेतं, ६४ बिट मशीनवर कमाल ३२ एमबीपर्यंत. तशाच आकाराचा पुढचा बफर मग हीपमधून येतो आणि हीपचे नियम त्यालाही लागतात. मॅलॉप्टने ही रेषा स्वतः ठरवली, तर हे आपोआप सरकणं थांबतं.

थ्रेड असतील तर भर पडते अरेनांची. कुलूपासाठी थ्रेडना थांबावं लागू नये म्हणून मॅलॉक अनेक अरेना, म्हणजे मेमरीचे वेगवेगळे साठे, करतं. ६४ बिटांवर कोअरच्या आठपटींपर्यंत. १६ कोअरच्या मशीनवर १२८ अरेना. प्रत्येकात गर्दीच्या वेळची मोकळी पानं (कर्नल मेमरी देतं ते ठरावीक तुकडे) साचतात, आणि एका अरेनातली मोकळी जागा साधारणपणे दुसऱ्या थ्रेडच्या उपयोगी पडत नाही. पीमॅप कमांडमध्ये ६४ एमबीचे तुकडे ओळीने दिसले की समजावं. त्यातला बराच भाग नुसता राखलेला असतो, त्यामुळे व्हर्च्युअल आकडा बघून घाबरू नका; आरएसएसचा रकाना बघा.

खात्री करून घ्यायची चाचणी सोपी आहे: गर्दी ओसरल्यावर मॅलॉक_ट्रिम ला शून्य देऊन बोलवा. जीलिबसी २.८ पासून हे फंक्शन सगळ्या अरेनांमधली, मधली मोकळी पानंही परत करतं. आरएसएस धाडकन खाली आला, तर तुमच्याकडे हरवलेली मेमरी नाही, हे सिद्ध झालं. फक्त हे जीडीबी डीबगरने चालत्या प्रोसेसला चिकटून करू नका. एखादा थ्रेड मॅलॉकच्या आत कुलूप धरून थांबलेला असेल, तर प्रोसेस तिथेच गोठेल. सिग्नल हँडलरमधूनही नको. अ‍ॅडमिन कमांड किंवा सिग्नलएफडी (सिग्नल डिस्क्रिप्टरवर आणून देणारी सोय) वापरून स्वतःच्या लूपमधून बोलवा.

तात्पुरता उपाय म्हणजे मॅलॉक_अरेना_मॅक्स हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल २ किंवा ४ ठेवणं. पुष्कळदा एवढ्यानेच आकडा निम्म्यावर येतो. कुलपांची रस्सीखेच वाढली का तेवढं मोजा. जीलिबसीच्या मॅलॉकऐवजी जेईमॅलॉक (तेच काम करणारी दुसरी लायब्ररी) लावून बघणंही रास्त आहे. ते वापरात नसलेली पानं साधारण १० सेकंदांच्या ओहोटीने परत देतं. पण त्यातली काही पानं मॅडव्हाइज-फ्रीच्या मार्गाने दिली गेली, तर कर्नलला गरज पडेपर्यंत ती आरएसएसमध्ये दिसतच राहतात. आकडा खाली आला नाही म्हणून उपाय फसला असं लगेच ठरवू नका.

निवांत कनेक्शनला बफर कशाला?

मला मनापासून पटलेला उपाय हा आहे, आणि तो अ‍ॅलोकेटर बदलण्यापेक्षा कितीतरी जास्त देतो. १०,००० कनेक्शनं, प्रत्येकी ६४ केबीचे दोन बफर: सव्वा जीबीच्या आसपास. यातली बहुतेक कनेक्शनं कोणत्याही क्षणी निवांत असतात. म्हणजे बहुतेक बफर रिकामे.

त्याऐवजी प्रत्येक थ्रेडला वाचायला एकच ६४ केबीचा बफर ठेवा. कोणत्याही कनेक्शनवर डेटा आला की त्यातच वाचा, तिथेच पार्स करा. संदेश पूर्ण असेल तर काम तिथेच संपलं. अर्धवट राहिला, तरच उरलेल्या बाइट्सपुरता बफर पूलमधून (आधीच घेऊन ठेवलेल्या बफरच्या साठ्यातून) घ्या आणि संदेश पूर्ण झाला की परत करा. लिहिण्याचंही तसंच: आधी थेट सेंड करून बघा, उरलं, तरच बफर. निवांत कनेक्शनकडे मग फक्त त्याचं स्ट्रक्ट राहतं. एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या १०,००० निवांत कीपअलाइव्ह कनेक्शनांना सुमारे २.५ एमबी लागतात, असं त्याच्या अधिकृत पानावर दिलेलं आहे. तिथेही तत्त्व हेच. नव्या कर्नलवर आयओ-यूरिंगमध्ये (वाचन-लेखनाची कामं कर्नलकडे रांगेत देण्याच्या सोयीत) बफरचा साठा कर्नलकडेच द्यायची सोय आहे. डेटा आल्यावरच त्यातला एक बफर उचलला जातो. ५.१९ पासून त्यासाठी रिंगही मिळते.

टीएलएस (कूटबद्ध कनेक्शन) असेल, तर तुमच्या काउंटरमध्ये न दिसणारी मेमरी ओपनएसएसएल या टीएलएस लायब्ररीच्या आत असते. त्याच्या मॅन्युअलनुसार रिलीज-बफर्स हा मोड लावला, तर प्रत्येक निवांत कनेक्शनमागे सुमारे ३४ केबी वाचतात. १०,००० कनेक्शनांना ३४० एमबी, एका ओळीत. फक्त ओपनएसएसएल ताजं असू द्या; या मोडभोवती जुन्या आवृत्त्यांमध्ये सीव्हीई-२०१०-५२९८ आणि सीव्हीई-२०१४-०१९८ असे दोन नोंदवलेले सुरक्षा-दोष निघाले होते.

पूल करताना एक गोष्ट विसरू नका. स्वतःचा पूल म्हणजे तपासणीच्या हत्यारांवर घातलेलं पांघरूण. तुम्ही सोडलेला बफर पूलमध्ये असतो, मॅलॉकच्या दृष्टीने तो वापरातच असतो, त्यामुळे सोडलेल्या बफरला कोणी हात लावला तरी अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं साधन) गप्प. २०१४ मध्ये हार्टब्लीड या ओपनएसएसएलमधल्या गाजलेल्या सुरक्षा-दोषानंतर लोकांनी ओपनएसएसएलचा कोड बारकाईने पाहिला, तेव्हा हेच समोर आलं. त्याची स्वतःची फ्री-लिस्ट (सोडलेल्या बफरची यादी) होती, त्यामुळे मॅलॉकमधली संरक्षणं तिथे लागूच पडत नव्हती. ती फ्री-लिस्ट बंद केली, तर विशिष्ट परिस्थितीत कनेक्शन तुटायचं, कारण एके ठिकाणी कोड सोडलेला बफर लगेच परत मागत होता आणि आतल्या डेटासह तोच मिळेल असं धरून चालला होता. म्हणून पूल लिहिताना एक बिल्ड-पर्याय ठेवा, ज्यात बफर घेणं म्हणजे साधं मॅलॉक आणि सोडणं म्हणजे साधं फ्री. सगळ्या चाचण्या त्या बिल्डवर, सॅनिटायझर लावून, नेमाने चालवा.

कर्नलच्या बाजूचं थोडक्यात. एसएसला टी आणि एम हे पर्याय दिले की प्रत्येक सॉकेटची मेमरी दिसते. प्रॉकमधल्या नेटखाली सॉकस्टॅट फाइलमध्ये टीसीपीची एकूण मेमरी पानांत असते. सहसा ४ केबीने गुणायचं. कंटेनर असेल तर सीग्रुप दोनच्या (कंटेनरच्या मर्यादा सांभाळणाऱ्या कर्नलच्या सोयीच्या) मेमरी-स्टॅटमध्ये सॉक नावाची ओळ बघा. ती कंटेनरच्या मर्यादेत मोजली जाते. घ्यायचा बफर सहसा ६ एमबीपर्यंत वाढू शकतो, म्हणून वाचणं थांबवण्याचा वर सांगितलेला उपाय हजारो कनेक्शनांवर एकदम लागू झाला, तर भार इकडे सरकतो. सॉकेटवर घ्यायच्या बफरचा आकार स्वतः ठरवता येतो. कर्नल तो दुप्पट करून धरतं आणि मग त्या सॉकेटचं आपोआप जुळवून घेणं बंद होतं. दूरच्या क्लायंटचा वेग त्याने पडू शकतो, तेव्हा गरज असेल तिथेच वापरा.

फ्री लावलं आणि क्रॅश सुरू झाले

मेमरीचा प्रश्न सुटतो आणि हा उभा राहतो. ईपोल-वेटने एकदम ६४ घटना दिल्या. तिसरी हाताळताना तुम्ही क्लायंटचं कनेक्शन बंद केलं आणि त्याच्या जोडीचं बॅकएंड कनेक्शनही फ्री केलं. त्याच गठ्ठ्यात विसाव्या जागी त्या बॅकएंडची घटना आहे, आणि तिच्यातला पॉइंटर आता मोकळ्या मेमरीचा आहे. ईपोलच्या मॅन्युअलमध्येही हा सापळा नोंदवलेला आहे. इलाज: कनेक्शन बंद करायचं फंक्शन एकच ठेवा, त्यात डिस्क्रिप्टर बंद करा, मेल्याची खूण करा, आणि स्ट्रक्ट एका यादीत टाका. अख्खा गठ्ठा हाताळून झाल्यावर ती यादी फ्री करा.

स्ट्रक्ट पूलमधून पुन्हा वापरत असाल, तर मेल्याची खूणही पुरत नाही, कारण तोवर तिथे नवं कनेक्शन बसलेलं असू शकतं. ईपोलच्या ६४ बिटांच्या डेटा फील्डमध्ये पॉइंटरऐवजी अर्ध्यात जागेचा क्रमांक आणि अर्ध्यात पिढीचा क्रमांक ठेवा. जागा रिकामी झाली की पिढी एकाने वाढते; जुळली नाही, तर ती घटना टाकून द्या. एनजिनएक्स पॉइंटरच्याच शेवटच्या बिटात असा एक छोटा शिक्का ठेवतं.

सगळं लावून झालं की फेऱ्यांनी तपासा. ५,००० कनेक्शनं उघडा, डेटा फिरवा, बंद करा, आरएसएस आणि तुमचे काउंटर लिहून ठेवा; परत तेच. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत वाढून मग सपाट झालं, तर ती मॅलॉकची साठवण आहे. दर फेरीला तेवढंच वाढत राहिलं, तर काहीतरी खरंच सुटतंय, आणि वाढीला कनेक्शनांच्या संख्येने भागलं की प्रत्येकी किती बाइट्स सुटतात ते कळतं. तो आकडा तुमच्या एखाद्या स्ट्रक्टच्या आकाराशी जुळला की शोध बहुतेक तिथेच संपतो. दोन विशेष क्लायंट यात जरूर घाला: एक, जो जोडतो आणि कधीच वाचत नाही, दुसरा, ज्याची पॅकेट्स आयपीटेबल्स फायरवॉलच्या ड्रॉप नियमाने मध्येच गिळली जातात.

लीक सॅनिटायझर (हरवलेली मेमरी शोधणारं साधन) प्रोग्रॅम संपताना तपासतो, म्हणून सिगटर्म (बंद हो, असं सांगणारा सिग्नल) आल्यावर सर्व्हर नीट आवरून बाहेर पडला पाहिजे. आणि कनेक्शनांच्या यादीत लटकलेले बफर तो सांगणार नाही, कारण त्यांचा पॉइंटर जिवंत असतो. त्यासाठी हीपट्रॅक किंवा व्हॅलग्राइंडचं मॅसिफ चालवा. कोणत्या ओळीने घेतलेली मेमरी या क्षणी सगळ्यात जास्त धरून ठेवलीय, हे ती दाखवतात. मेलेल्या कनेक्शनांच्या आणि फुगलेल्या रांगांच्या बाबतीत तुम्हाला हवं असलेलं उत्तर तेच असतं.